कोवळ्या वयातील हिरड्यांचे विकार : शस्त्रक्रियेवाचून उपचार

(शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दात पडणे ही वार्धक्याची खूण आहे, अशी समजूत समाजात खोलवर रुजलेली आहे. 'दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत' या म्हणीतही दात असणे हे तारुण्याचे आणि नसणे हे उतारवयाचे लक्षण मानलेले दिसते. बहुतेकांच्या बाबतीत ही समजूत फारशी चुकीची ठरत नाही. परंतु शाळेच्या वरच्या वर्गांत शिकणाऱ्या, चौदा ते वीस वर्षांच्या काही मुलामुलींच्या वाट्याला मात्र वेगळेच दुर्दैव येते. त्यांचे दात किडलेले नसतात, बाहेरून शुभ्र व सतेज दिसतात. आणि तरीही ते हलू लागतात. समोरच्या दोन दातांत फट पडते, एखादा दात पुढे झुकतो, दाढेने घास चावताना आधार वाटत नाही. घरातील वडील मंडळी 'दातच कच्चे' म्हणून गप्प बसतात आणि दात हातात येतो तेव्हा वैद्याकडे धाव घेतात. तोवर ज्या हाडात दात रोवलेला होता ते हाड नाहीसे झालेले असते, आणि नाहीसे झालेले हाड बहुतांशी परत येत नाही.

हा दात वाचला असता काय, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ वेळा 'होय' असेच आहे. तोही मोठी शस्त्रक्रिया न करता वाचला असता. मात्र त्यासाठी तो वेळेवर कोणाच्या तरी नजरेस पडावयास हवा होता. ती नजर आईवडिलांच्या खालोखाल शिक्षकाची असते. म्हणूनच या विषयाची चर्चा दंतवैद्यांच्या परिषदेपुरती मर्यादित न ठेवता शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे करणे अगत्याचे आहे.

हिरडी आणि हाड

दात जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये सूक्ष्म तंतूंचे एक जाळे असते आणि त्या तंतूंनी दात खोबणीत तोलून धरलेला असतो. या सर्वांवर हिरडीचे पांघरूण असते. हिरडीची कड दाताला सैलसर टेकलेली असते आणि तेथे एक उथळ खाच असते. निरोगी माणसात ही खाच साधारणतः १ ते ३ मिलिमीटर खोल असते.

दातावर अन्न व लाळ यांच्या आश्रयाने जिवाणूंचा एक चिकट, पांढरट थर सतत साचत असतो. तो रोजच्या रोज घासून काढला नाही तर हिरडीच्या कडेला दाह सुरू होतो. हिरडी लाल होते, सुजते, स्पर्श होताच रक्त येते. हा पहिला टप्पा होय. यात हाडाला इजा झालेली नसते आणि थर काढून टाकला की हिरडी पूर्ववत होते. काही जणांत मात्र दाह येथेच थांबत नाही. तो आत शिरतो, तंतू तुटतात, हाड झिजते आणि त्या उथळ खाचेचा खोल कप्पा बनतो. पाच, सहा, आठ मिलिमीटर खोलीच्या या कप्प्यात घरचा ब्रश पोहोचत नाही. तेथे जिवाणूंची वसाहत निर्वेधपणे वाढत राहते. साचलेला थर लाळेतील व कप्प्यातील क्षारांमुळे दगडासारखा कठीण होतो. त्यालाच कीटण म्हणतात. हा दुसरा टप्पा. यालाच बोलीभाषेत पायरिया हे नाव आहे.

पहिल्या टप्प्याचे कारण जिवाणूंचा थर हेच आहे, हे डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या एका साध्या प्रयोगाने निःसंशय सिद्ध झाले. निरोगी हिरड्यांच्या १२ व्यक्तींनी स्वेच्छेने दात घासणे बंद केले. दहा ते एकवीस दिवसांच्या आत त्या सर्वांच्या हिरड्यांना दाह झाला. त्यांनी पुन्हा दात स्वच्छ करण्यास सुरुवात केली तेव्हा साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्वीसारख्या झाल्या. यात कोणतेही औषध वापरलेले नव्हते. हिरड्यांच्या रक्तस्रावावर पहिला उपाय कोणता, याचे उत्तर या प्रयोगातच आहे.

सर्वांची प्रकृती सारखी नसते

मग ज्यांचे दात अस्वच्छ असतात त्या सर्वांचेच दात पडतात काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्या शेजारच्या श्रीलंकेतून मिळाले. तेथील चहाच्या मळ्यांत काम करणाऱ्या ४८० तमिळ पुरुष मजुरांची तपासणी १९७० साली सुरू झाली आणि पुढे पंधरा वर्षे वेळोवेळी केली गेली. प्रारंभी त्यांची वये चौदा वर्षांपासून साधारण तिशीपर्यंत होती. ब्रशने दात घासण्याची पद्धत त्यांच्यात नव्हती आणि दंतवैद्यकीय सेवाही त्यांना मिळत नव्हती. थर व कीटण बहुतेक सर्वांच्या दातांवर होते आणि हिरड्यांचा दाहही होता. तरीही १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तीन निरनिराळे गट स्पष्ट दिसले. सुमारे ११ टक्के मजुरांत रोग हिरडीच्या दाहापलीकडे गेलाच नाही. ८१ टक्क्यांत तो मंदगतीने वाढला. उरलेल्या ८ टक्क्यांत मात्र त्याने झपाट्याने नाश केला. या शेवटच्या गटात दात पडण्यास विसाव्या वर्षाच्या सुमारास सुरुवात झाली. पस्तिसाव्या वर्षापर्यंत सरासरी १२ दात, चाळिसाव्या वर्षापर्यंत २० दात आणि पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत सर्वच दात गेले होते.

या अभ्यासाचा बोध महत्त्वाचा आहे. अस्वच्छता सर्वांना बाधते, पण काहींची शरीरप्रकृतीच अशी असते की त्यांना ती फार लवकर आणि फार जबर बाधते. ज्यांचा नाश लवकर सुरू होतो त्यांना विशीतच हुडकून काढले पाहिजे. चाळिशीत त्यांच्याकडे लक्ष जाऊन उपयोग होत नाही.

फसवा प्रकार

कोवळ्या वयातील हाडनाशाचा एक प्रकार विशेष फसवा आहे. तो यौवनारंभाच्या सुमारास सुरू होतो आणि बहुधा दोनच जागा धरतो : सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली कायमची दाढ आणि समोरचे पटाशीचे दात. या मुलांच्या तोंडात थर व कीटण पुष्कळदा बेताचेच असते. हिरडी वरवर पाहता गुलाबी दिसते. म्हणून घरच्यांना, शिक्षकांना आणि कधीकधी घाईत तपासणाऱ्या वैद्यालाही संशय येत नाही. आत मात्र हाडाची झीज वेगाने चालू असते.

या आजाराची नावे काळानुसार बदलत गेली. पूर्वी त्याला 'किशोरवयीन' हे विशेषण लावीत. १९९९ साली ठरलेल्या वर्गीकरणाने त्याला 'आक्रमक' म्हटले. २०१७ साली जागतिक पातळीवर तज्ज्ञांची परिषद झाली आणि तिने तयार केलेले वर्गीकरण २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्यात हा निराळा रोग न मानता एकाच रोगाचे टप्पे आणि वेग मोजण्याची रीत स्वीकारली गेली. दाढ व पटाशीचे दात धरणाऱ्या नमुन्याची नोंद मात्र स्वतंत्रपणे ठेवण्यात आली. नाव कोणतेही असो, रुग्णाच्या दृष्टीने कमी वयात जास्त झीज हेच लक्षण निर्णायक ठरते.

या प्रकाराशी एका विशिष्ट जिवाणूचा निकटचा संबंध आढळला आहे. त्याचे शास्त्रीय नाव अ‍ॅग्रिगेटिबॅक्टर अ‍ॅक्टिनोमायसेटेमकोमिटन्स असे आहे. शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना मारणारे विष तो तयार करतो. मोरोक्को देशात शाळकरी मुलांची दोन वर्षे पाहणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. ज्या मुलांच्या तोंडात या जिवाणूचा विशेष विषारी वाण होता, त्यांना हा रोग होण्याचा धोका तो जिवाणू नसलेल्या मुलांच्या सुमारे १८ पट आढळला. हा रोग एका घरातील भावंडांत आढळण्याचे प्रमाणही मोठे आहे. त्याचे कारण काही अंशी आनुवंशिक प्रकृती आणि काही अंशी घरातल्या घरात होणारा जिवाणूंचा प्रसार हे आहे. म्हणून एक मूल रोगी निघाले की त्याच्या सर्व भावंडांची तपासणी करणे हा उपचाराचाच भाग समजला पाहिजे.

उपचाराच्या चार पायऱ्या

'ऑपरेशन' हा शब्द ऐकताच ग्रामीण भागातील पालक मुलाला परत घेऊन जातात, असा अनेक दंतवैद्यांचा अनुभव आहे. त्यांना प्रथम हे सांगितले पाहिजे की उपचाराचा आरंभ शस्त्रक्रियेने होत नाही. युरोपातील परिदंतरोगतज्ज्ञांच्या महासंघाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूत्रांत उपचाराच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यांपैकी पहिल्या दोन व शेवटची पायरी शस्त्रक्रियेवाचूनच्या आहेत.

पहिली पायरी रुग्णाच्या स्वतःच्या हाती असते. वैद्य मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बोथट सळई हिरडीच्या खाचेत हलकेच घालून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतो, रक्त येते काय हे पाहतो आणि हाडाची पातळी समजण्यासाठी क्ष-किरण चित्र घेतो. त्यानंतर रुग्णाला आरशासमोर बसवून दात घासण्याची रीत शिकविली जाते. मऊ ब्रश हिरडीच्या कडेवर तिरपा टेकवून अगदी लहान हालचालींनी फिरवावयाचा असतो. करवतीसारखा आडवा जोराने ओढावयाचा नसतो. दोन दातांमधील जागा ब्रशने साफ होत नाही. ती दातांच्या दोऱ्याने किंवा फटी मोठ्या असल्यास बारीक कुंचीसारख्या ब्रशने स्वच्छ करावी लागते. तंबाखूचे व्यसन असल्यास ते सोडविणे आणि मधुमेह असल्यास तो आटोक्यात आणणे ही कामेही याच पायरीवर होतात. दातांच्या दृश्य भागावरील कीटणही येथेच काढले जाते.

दुसरी पायरी हा या उपचाराचा गाभा आहे. हिरडीखालील कप्प्यात शिरून मुळावरील थर व कीटण काढून टाकणे हे तिचे काम. त्यासाठी दाताभोवतीची जागा इंजेक्शनाने बधिर करतात, त्यामुळे वेदना होत नाहीत. मग अणकुचीदार, वक्र हत्यारांनी अथवा ध्वनिलहरींवर चालणाऱ्या यंत्राने मुळाचा पृष्ठभाग एकेका बाजूने साफ केला जातो. हे काम सावकाश, दाताच्या प्रत्येक पैलूवर हत्यार फिरवून करावे लागते. म्हणून ते एका बैठकीत न उरकता दोन किंवा चार बैठकींत केले जाते. हिरडी कापली जात नाही, टाके पडत नाहीत आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

एवढ्याने खोल कप्पे खरोखर भरून येतात काय, अशी शंका पूर्वी तज्ज्ञांनाही होती. स्वीडनमधील माल्मो येथे बॅडरस्टेन, निल्वेअस व एगेलबर्ग यांनी १९८१ पासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासमालेने ती बरीचशी दूर केली. एकमुळी दातांच्या बाबतीत, रोग बराच वाढलेला असतानाही, कसोशीने केलेल्या साफसफाईनंतर कप्प्यांची खोली व रक्तस्राव पुष्कळ कमी झाला. हाताने चालविलेली हत्यारे आणि यंत्र यांच्या परिणामांत विशेष फरक आढळला नाही. यावरून यंत्राच्या किमतीपेक्षा वैद्याचा हात आणि रुग्णाची चिकाटी यांना अधिक महत्त्व आहे, हे ध्यानी येईल.

या उपचाराने हिरडी पुन्हा मुळाला घट्ट चिकटते आणि सूज ओसरून आकसते. सैल दात पुष्कळदा बराच घट्ट होतो. सर्वच ठिकाणी हाड पूर्ववत भरते असे मात्र समजू नये. रोग थांबविणे आणि आहे तेवढ्या हाडावर दात टिकविणे हे उपचाराचे पहिले उद्दिष्ट असते. वाढत्या वयाच्या मुलांत भरून येण्याची शक्ती चांगली असते, हा त्यांच्या बाजूचा मोठा लाभ आहे. आणि लवकर उपचार करण्याचे तेच सर्वांत मोठे कारण आहे.

सुमारे सहा ते बारा आठवड्यांनी सर्व कप्पे पुन्हा मोजले जातात. जेथे खोली उरली असेल तेथे साफसफाई पुन्हा केली जाते. सहा मिलिमीटर वा त्याहून खोल कप्पा तरीही शिल्लक राहिला, विशेषतः दाढेच्या मुळांच्या बेचक्यात, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. ही तिसरी पायरी होय. पहिल्या दोन पायऱ्या नीट पार पाडल्या असतील तर ती थोड्याच दातांपुरती उरते. ज्याच्या तोंडात थर रोज साचतच आहे अशा रुग्णावर शस्त्रक्रिया करणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून भिंतीला रंग देण्यासारखे आहे.

चौथी पायरी आयुष्यभराची आहे. उपचार संपला तरी प्रकृती बदलत नाही. या मुलांना आरंभी दर तीन महिन्यांनी आणि पुढे वैद्य सांगेल त्या अंतराने तपासणीस जावे लागते. उपचार फसतो तो बहुधा याच पायरीवर. दुखणे थांबले की येणे थांबते, आणि वर्ष-दोन वर्षांत रोग मूळपदावर येतो.

जिवाणूनाशक गोळ्यांची मर्यादा

हा रोग जिवाणूंमुळे होतो, तर मग औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून घेतल्या की झाले, असा विचार सहज मनात येतो. तो चुकीचा आहे. जिवाणूंचा थर म्हणजे सुटे जंतू नव्हेत. ते परस्परांना चिकटून, एका गिलाव्याच्या आश्रयाने राहतात आणि औषध त्या गिलाव्यात पुरेसे शिरत नाही. थर प्रथम हत्यारांनी मोडावा लागतो.

तथापि तरुण रुग्णांत रोग जलद व बऱ्याच दातांभोवती पसरलेला असेल, तर साफसफाईच्या जोडीला जिवाणूनाशक औषधांचा लाभ होतो, असे दिसून आले आहे. अमॉक्सिसिलिन व मेट्रोनिडॅझोल या दोन औषधांचा एकत्र उपयोग १९८९ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी पुढे आणला आणि त्यानंतर अनेक चाचण्यांत त्याची उपयुक्तता दिसली. तरीही २०२० ची मार्गदर्शक सूत्रे सांगतात की ही औषधे सरसकट देऊ नयेत. निवडक रुग्णांपुरता, उदाहरणार्थ रोग पसरलेल्या तरुण प्रौढांत, त्यांचा विचार व्हावा. ज्यांना पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे त्यांना अमॉक्सिसिलिन धोक्याचे ठरते. आणि अर्धवट अथवा विनाकारण घेतलेल्या गोळ्यांनी जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. त्याची किंमत उद्या न्यूमोनियाने आजारी पडलेल्या एखाद्या बालकाला मोजावी लागते. म्हणून वैद्याच्या चिठ्ठीवाचून ही औषधे घेऊ नयेत व सुरू केल्यास मध्येच सोडू नयेत. क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्याही थोड्या दिवसांपुरत्याच उपयुक्त असतात. त्या फार काळ चालू ठेवल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात.

गैरसमजांचे निराकरण

दात साफ करून घेतल्याने ते सैल होतात, ही समजूत खेडोपाडी आणि शहरांतही प्रचलित आहे. तिचा उगम समजून घेतला तर ती दूर करता येते. हाड झिजलेल्या दातांना पुष्कळदा कीटणाच्या थरानेच परस्परांशी जखडलेले असते. कीटण निघाले की दात हलतो, आणि दोष साफसफाईवर येतो. वस्तुतः दात आधीच सैल झालेला असतो. कीटणाने ती गोष्ट केवळ झाकून ठेवलेली असते. सुजलेली हिरडी आकसल्यावर दातांमध्ये फटी दिसतात आणि काही दिवस थंड पाण्याने शिणशिणते. ही गोष्ट पालकांना आधी सांगून ठेवली तर ते उपचार अर्धवट सोडीत नाहीत.

रक्त येते म्हणून त्या जागी ब्रश लावावयाचा नाही, हीही एक घातक समजूत आहे. जेथे रक्त येते तेथेच थर साचलेला असतो. तेथे हळुवारपणे पण अधिक काळजीने घासले पाहिजे.

तिसरा गैरसमज मशेरीविषयीचा. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दातांना लावल्याने हिरड्या बळकट होतात, असे अनेक घरांतील स्त्रिया मानतात आणि वाढत्या वयाच्या मुलीही त्यांचे अनुकरण करतात. तंबाखूतील निकोटिनाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे रक्त कमी दिसते. रोग मात्र आत वाढत राहतो. धोक्याची घंटा बंद केल्याने आग विझत नाही. दंतमंजन व टूथपेस्ट यांत तंबाखू घालण्यास केंद्र शासनाने १९९२ सालीच बंदी केलेली आहे. परंतु घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कायद्याचा हात पोहोचत नाही. तेथे प्रबोधनच पोहोचू शकते. राखुंडी, विटकरीचा चुरा वा वाळू यांनी दात घासल्यास दाताचे आवरण झिजते आणि हिरडी सोलवटते. कडुनिंबाची वा बाभळीची काडी वापरणाऱ्यांनी ती चावून मऊ करावी आणि दातांच्या आतील बाजूही विसरू नयेत.

शिक्षकाची नजर

शिक्षकाने निदान करावे, अशी कोणाची अपेक्षा नाही. त्याने फक्त पाहावे आणि पाठवावे. पेरू किंवा भाकरी चावताना रक्ताचा डाग पडणे, थुंकीत रक्त दिसणे, हिरडी लालभडक वा सुजलेली असणे, तोंडाला सतत दुर्गंधी येणे, समोरच्या दातांत नव्याने फट पडणे, दात लांब झाल्यासारखा वा पुढे सरकल्यासारखा दिसणे आणि कायमचा दात हलणे ही लक्षणे नोंदवून ठेवण्यासारखी आहेत.

येथे दोन गोष्टींचा विवेक ठेवला पाहिजे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाचा दुधाचा दात हलणे हे स्वाभाविक आहे, आणि आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान वरच्या पटाशीच्या दातांत असलेली फट सुळे आल्यावर बहुधा आपोआप मिटते. त्याने भयभीत होण्याचे कारण नाही. परंतु चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा कायमचा दात इजा न होता हलू लागला, किंवा पूर्वी नसलेली फट पडू लागली, तर ते कधीही स्वाभाविक नसते. तसेच यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांतील काही गावांत पाण्यातील फ्लोराइडमुळे मुलांच्या दातांवर डाग पडतात. तो निराळा विकार आहे. डाग म्हणजे हिरड्यांचा रोग नव्हे, आणि डाग नाहीत म्हणजे हिरड्या निरोगी आहेत, असेही नव्हे.

काही वेळा हिरडी ही शरीरातील दुसऱ्या एखाद्या आजाराची वर्दी देते. फिट्सच्या आजारावर फेनिटॉइन घेणाऱ्या मुलाच्या हिरड्या वाढून दातांवर येतात. फिकट, थकलेल्या, वारंवार ताप येणाऱ्या मुलाच्या हिरड्यांतून आपोआप रक्त वाहत असेल, तर रक्ताच्या कर्करोगाची शंका घेऊन रक्ततपासणी त्वरित करून घ्यावी लागते. अशा मुलाला दात घासण्याचा उपदेश करून परत पाठविणे धोक्याचे आहे.

पंचायत आणि शासन यांचे कार्य

हिरड्यांच्या तीव्र रोगाचे जगात शंभर कोटींहून अधिक रुग्ण आहेत, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या अहवालात दिला आहे. इतक्या मोठ्या प्रश्नाला केवळ दंतवैद्यांच्या खुर्च्या पुऱ्या पडणार नाहीत. सुदैवाने गावपातळीवर यंत्रणेचा सांगाडा उभा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथूनच सुरू झाला. त्याखाली अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी शाळांत व अंगणवाड्यांत पथकांमार्फत केली जाते आणि दातांचे विकार त्या तपासणीच्या कक्षेत येतात. पथक शाळेत येते त्या दिवशी शिक्षकाने संशयित मुलांची यादी तयार ठेवली, तर पथकाच्या मर्यादित वेळाचा अधिक चांगला उपयोग होईल. हिरडीच्या आतील झीज वरवरच्या पाहणीत दिसत नाही. म्हणून अशा मुलांना दंतचिकित्सेची सोय असलेल्या शासकीय रुग्णालयात किंवा मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत पाठविणे इष्ट ठरते.

पंचायतीला करता येण्याजोगी कामे साधी आहेत. शाळेत मुलांना दुपारच्या भोजनानंतर चूळ भरता येईल एवढे पाणी व नळ असावेत. शिक्षण संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे ९१ मीटरपर्यंत, तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीस २००३ च्या कायद्याने मनाई आहे, आणि अठरा वर्षांखालील मुलांना ते विकणे हाही गुन्हा आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. कायदा कागदावर राहतो की शाळेच्या फाटकापर्यंत येतो, हे पंचायतीच्या दक्षतेवर अवलंबून आहे. गावातील आशा कार्यकर्तीने, ज्या घरात एका मुलाला हा रोग निघाला तेथील भावंडांना तपासणीस नेले आणि तीन महिन्यांनी येण्याची आठवण करून दिली, तर उपचाराची सर्वांत दुबळी असलेली चौथी पायरी बळकट होईल.

या रोगात वेळेचे मोल पैशापेक्षा मोठे आहे. सोळाव्या वर्षी लक्षात आलेल्या मुलीला काही बैठकींची साफसफाई, एक मऊ ब्रश आणि नियमित तपासणी एवढ्यावर आपले दात पुढील अनेक वर्षे राखता येण्याची चांगली आशा असते. तीच मुलगी पंचविसाव्या वर्षी आली तर तिच्या वाट्याला कृत्रिम दात येतात, त्यांचा खर्च येतो आणि हसताना तोंडावर पदर धरण्याची सवय येते. या दोन आयुष्यांमधील अंतर शल्यचिकित्सकाच्या कौशल्याने ठरत नाही. वर्गात हजेरी घेताना एखाद्या शिक्षकाने तिच्याकडे लक्षपूर्वक पाहिले की नाही, आणि गावाने तिला योग्य ठिकाणी वेळेवर पोहोचविले की नाही, यावर ते ठरते. शाळा, पंचायत आणि आरोग्यसेवा यांनी हे काम एकमेकांच्या हाती सोपवीत पुढे नेले, तर कोवळ्या वयात ओसाड होणारी कित्येक मुखे हसती राहतील.